परतावा आणि वाटा

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आम्ही दोघे आमच्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांना घेऊन तारकर्लीला गेलो होतो. निमित्त बोलीच्या अभ्यासाचे होते. मच्छीमारीशी निगडित मालवणी शब्द किनाऱ्यावर जाऊन टिपावेत, त्यांचे अर्थ बोलणाऱ्यांच्याच तोंडून घ्यावेत आणि परतल्यावर एक लहानसा शब्दसंग्रह सिद्ध करावा, असा बेत होता. दुपारपर्यंत वह्या बऱ्यापैकी भरल्या. तांडेल, खलाशी, पाग, कांडाळ, वाव, सुकती, उधाण, मतलई वारा अशा शब्दांच्या रांगेत एका विद्यार्थिनीने 'परतावा' हा शब्द लिहिला होता. हा तर शासकीय परिपत्रकातला शब्द, बोलीशी त्याचा काय संबंध, असे म्हणून आम्ही त्यावर पेन्सिलीने रेघ ओढू लागलो. शेजारी जाळे दुरुस्त करीत बसलेले एक वयस्क मच्छीमार काका हसले आणि म्हणाले, "ह्यो शब्द कित्याक खोडतास? तो आमचोच आसा. आमी तो रोज बोलतंव."

आम्ही अर्थ विचारला. काकांनी जो अर्थ सांगितला तो कोणत्याही कोशात सापडणार नाही. "सर, जातत ते पैसे आमचे. येतत तेवा मात्र ते सरकारचे होवन येतत."

या एका वाक्याने आम्हांला पुष्कळ दिवस स्वस्थ बसू दिले नाही. इंधनाच्या वाढत्या दरांविषयी आणि त्यांवरील करांविषयी आपल्याकडे गेली कित्येक वर्षे जी चर्चा चालते, तिच्यात हे वाक्य कुठेच बसत नाही. ती चर्चा 'दर किती' या एकाच प्रश्नाभोवती फिरते. वर्तमानपत्रे शंभरी गाठल्याची बातमी देतात, विरोधक बैलगाडी मोर्चा काढतात, सत्ताधारी आंतरराष्ट्रीय बाजाराकडे बोट दाखवतात, आणि सत्तांतर झाले की दोन्ही पक्ष एकमेकांची भाषणे अदलाबदल करून वापरतात. काकांचा प्रश्न दराचा नव्हता. आधी कोण देतो आणि नंतर कोण वाट पाहतो, हा त्यांचा प्रश्न होता. आमच्या मते इंधनकराच्या वादातला खरा प्रश्न हाच आहे. आणि तो शब्दांच्या आड दडवला गेला असल्यामुळे भाषेच्या विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी त्यात लक्ष घालणे अगदीच अनाठायी ठरणार नाही.

प्रथम हा परतावा म्हणजे काय ते पाहू. यांत्रिक नौकेसाठी मच्छीमार जे डिझेल विकत घेतो त्यावरील राज्याचा विक्रीकर, म्हणजे मूल्यवर्धित कर, त्याला परत मिळावा अशी महाराष्ट्र शासनाची योजना आहे. नौकेची नोंदणी आणि परवाना पाहून डिझेलचा कोटा मंजूर होतो. मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत डिझेल घेताना पूर्ण किंमत मोजायची, मग संस्थेने बिले मत्स्यव्यवसाय खात्याकडे पाठवायची, आणि अर्थसंकल्पात तरतूद होऊन निधी आला की रक्कम खात्यात जमा व्हायची, असा तिचा क्रम आहे. योजनेमागील तत्त्व निर्विवाद आहे. रस्त्याच्या नावाने, वाहनाच्या नावाने जो कर घ्यायचा तो समुद्रात चालणाऱ्या होडीकडून का घ्यावा? हा कर तिचे देणेच नाही हे शासनाने स्वतःच मान्य केले आहे. परंतु मान्य केल्यानंतरही तो आधी घेतला जातो. मग तो परत येण्यास किती काळ लागावा याला बंधन नाही. थकलेल्या परताव्याचा प्रश्न विधिमंडळाच्या अधिवेशनांत वर्षानुवर्षे उपस्थित होत आला आहे, आणि थकबाकीपैकी काही रक्कम वितरित झाली की 'मच्छीमारांना दिलासा' असे मथळे छापून येतात. स्वतःचेच पैसे परत मिळण्याला दिलासा म्हणणारी भाषा आपण किती सहजपणे वाचतो!

दरम्यान समुद्राचा खर्च उधारीवर चालत नाही. बर्फ रोख, खलाशांची मजुरी रोख, डिझेल रोख. परताव्यात अडकलेली रक्कम भरून काढण्यासाठी मच्छीमार व्यापाऱ्याकडून उचल घेतो, आणि उचल घेतली की मासळी त्याच व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावाने द्यावी लागते. अशा रीतीने शासनाला बिनव्याजी कर्ज देणारा माणूस बाजारात सव्याज कर्जदार होतो. काका म्हणाले होते, "दर्यो थांबणा नाय, बर्फवालो थांबणा नाय. थांबाचा ता आमीच."

आता थोडे व्यापक पाहू. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. १६ जून २०१७ पासून ते देशभर रोज बदलू लागले. बाजारात तेल महागले तर दर चढतील आणि स्वस्त झाले तर उतरतील, असे तेव्हा सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात काय झाले? नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात कच्चे तेल झपाट्याने स्वस्त होत असताना केंद्राने उत्पादनशुल्क नऊ वेळा वाढवले. २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीमुळे जगभरची मागणी कोसळली, अमेरिकेतील वायदेबाजारात तर एक दिवस तेलाचा भाव शून्याच्याही खाली गेला; आणि त्याच मे महिन्याच्या आरंभी पेट्रोलवर लिटरमागे १० रुपये व डिझेलवर १३ रुपये शुल्क वाढले. पुढे तेल महागले तेव्हा ते वाढलेले शुल्क तसेच राहिले. ३ नोव्हेंबर २०२१ रोजी मुंबईत पेट्रोल ११५ रुपये ८५ पैसे आणि डिझेल १०६ रुपये ६२ पैसे होते. त्यानंतर केंद्राने पेट्रोलवर ५ व डिझेलवर १० रुपयांची कपात केली, आणि मे २०२२ मध्ये आणखी ८ व ६ रुपयांची. याच दोन कपातींच्या मधल्या काळात, पाच राज्यांच्या निवडणुका होत असताना, रोज बदलणारा दर सलग १३७ दिवस जागचा हलला नाही. बाजाराला पंचांग कळते, असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

हा एका पक्षाचा दोष आहे असे मात्र कोणी समजू नये. २००५ ते २०१० या काळात दर कमी ठेवण्यासाठी तत्कालीन सरकारने तेलकंपन्यांना रोख अनुदानाऐवजी एक लाख कोटींहून अधिक रुपयांचे रोखे दिले. त्यांची परतफेड पुढल्या सरकारांच्या, म्हणजे पुढल्या करदात्यांच्या माथी आली. एकाने देणे पुढे ढकलले, दुसऱ्याने घेणे अलीकडे ओढले. दोन्हींत सामान्य माणसाला ठरलेल्या वेळी ठरलेला हिशेब कोणी दाखवला नाही.

येथे एका उपसर्गाकडे लक्ष वेधावेसे वाटते. 'उप' हा उपसर्ग आपण विद्यार्थ्यांना शिकवतो तेव्हा उपनदी, उपग्रह, उपप्राचार्य अशी उदाहरणे देतो. मुख्याच्या जवळ असलेले, त्याहून लहान, त्याच्या आश्रयाने असणारे, असा त्याचा अर्थ सांगतो. आता 'उपकर' हा शब्द घ्या. २०२१ च्या फेब्रुवारीतील अर्थसंकल्पानंतर पेट्रोलवर केंद्राचे एकूण शुल्क लिटरमागे ३२ रुपये ९० पैसे होते. त्यांपैकी मूळ उत्पादनशुल्क होते अवघे १ रुपया ४० पैसे. उरलेल्यांत ११ रुपये विशेष अतिरिक्त शुल्क, १८ रुपये रस्ते व पायाभूत सुविधा उपकर, आणि अडीच रुपये कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर. नदीपेक्षा उपनद्याच बावीसपट मोठ्या झाल्या.

ही केवळ शब्दांची गंमत असती तर आम्ही तिच्याकडे दुर्लक्ष केले असते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७० नुसार केंद्रीय करांचा जो भाग राज्यांमध्ये वाटला जातो त्यातून उपकर आणि अधिभार वगळलेले आहेत. म्हणजे ३२ रुपये ९० पैशांपैकी वाटपाच्या राशीत आले ते १ रुपया ४० पैसे, आणि पंधराव्या वित्त आयोगाच्या ४१ टक्क्यांच्या हिशेबाने सर्व राज्यांना मिळून त्यातले सत्तावन्न पैसे. कराचे नाव बदलले की त्याचा मालक बदलतो, हे व्याकरणाच्या पुस्तकात लिहिलेले नसते.

राज्येही या विद्येत मागे नाहीत. आपल्या राज्याचा कर टक्केवारीने लागतो आणि तो केंद्राचे शुल्क धरून झालेल्या किमतीवर लागतो. तेव्हा केंद्राने शुल्क वाढवले की राज्याचा वाटा आपोआप फुगतो. केंद्राला दूषणे देणाऱ्या राज्यकर्त्यांच्या तिजोरीत त्याच दूषणीय वाढीचा अंश जमा होत असतो. २०१५ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळनिवारणासाठी पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपयांचा अधिभार बसवला गेला. २०१६ चा पावसाळा चांगला झाला. अधिभार मात्र त्या पावसात वाहून गेला नाही.

आणखी एक शब्द 'घाऊक'. बाजारात घाऊक म्हणजे स्वस्त, किरकोळ म्हणजे महाग, हे लहान मूलही जाणते. जानेवारी २०१३ मध्ये डिझेलच्या घाऊक ग्राहकांना बाजारभावाने आणि किरकोळ ग्राहकांना त्याहून कमी दराने डिझेल, अशी दुहेरी व्यवस्था आली. एसटीच्या गाड्या स्वतःच्या आगारातले पंप सोडून रस्त्यावरच्या पंपांवर रांगेत उभ्या राहिल्या, ते आपण पाहिले आहे. मार्च २०२२ मध्ये तेच पुन्हा घडले. मुंबईत किरकोळ डिझेल ९४ रुपये १४ पैसे असताना घाऊक डिझेल १२२ रुपये ५ पैशांवर गेले. आणि या घाऊक ग्राहकांत गणल्या गेल्या मच्छीमार सहकारी संस्था! लहान होड्यांच्या मालकांनी एकत्र येऊन जी संस्था उभारली, ती एकत्र आल्यामुळेच महाग ठरली. एकट्याने रस्त्यावरच्या पंपावर कॅन घेऊन जावे तर डिझेल स्वस्त, पण परताव्याची वाट संस्थेच्या बिलातून जाते. सहकाराचे गोडवे गाणाऱ्या महाराष्ट्रात सहकाराला असा दंड भरावा लागला, याची नोंद आपल्या वैचारिक लेखनात कितीशी झाली?

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांना या किनाऱ्याचा एक संदर्भ ठाऊक असेल. तारकर्लीच्या दक्षिणेस, वेंगुर्ले तालुक्यात शिरोडे आहे. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे तेथे शिक्षक होते, हे आपण वाङ्मयेतिहासाच्या तासाला सांगतो. त्याच शिरोड्याच्या मिठागरांवर मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला, हे सांगायला मात्र तास पुरत नाही. मिठावरील कराविरुद्धचा मुख्य युक्तिवाद साधा होता. श्रीमंत आणि गरीब यांच्या ताटात मीठ सारखेच लागते. म्हणून मिठावरचा कर गरिबाच्या अंगावर अधिक जड पडतो. डिझेलला हा युक्तिवाद जसाच्या तसा लागू होतो, किंबहुना ते मिठाच्याही पुढे जाते, कारण भाजी, औषधे, शाळेची एसटी आणि बांगड्याची टोपली या सर्वांच्या किमतीत ते शिरते.

पण आमचे लक्ष वेधून घेतले ते एका दुय्यम वाटणाऱ्या तपशिलाने. मासळी खारवायला मीठ लागते आणि मिठावर जबर कर, या पेचातून वाट काढण्यासाठी ब्रिटिश सरकारने किनाऱ्यावर मासळी खारवण्याची सरकारी आवारे उघडली होती. तेथे अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली मच्छीमारांना करमुक्त किंवा नाममात्र दराने मीठ मिळे. हे औदार्य नव्हते. त्यामागे महसुलाचा आणि चोरट्या मिठाचा विचार होता. तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. जो कर घ्यायचा नाही तो त्या परकीय सरकारने आवाराच्या दारातच घेतला नाही. आधी पूर्ण घ्या आणि मग सवडीने परत करा, ही पद्धत आपल्या स्वतःच्या राज्यातली आहे. मिठाचा कर १९४७ मध्ये गेला. १९५३ मध्ये कायद्याने जो आला त्याचे नाव, वाचकांनी ओळखलेच असेल, मीठ उपकर होते.

संस्कृतचे अध्यापक येथे 'रघुवंशा'च्या पहिल्या सर्गातील सूर्याची उपमा आठवतील. राजा प्रजेकडून कर घेतो तो सूर्य जसा पृथ्वीवरील पाणी शोषतो तसा, हजारपटींनी परत देण्यासाठी, असे कालिदासाने म्हटले आहे. करविषयक भाषणांची शोभा वाढवायला ही उपमा फार उपयोगी पडते. तिच्यातले एक गृहीतक मात्र कोणी उच्चारीत नाही. सूर्याने शोषलेले पाणी पावसाळ्यातच परत येते. म्हणूनच त्याला पाऊस म्हणतात. मृगाचा पाऊस तिसऱ्या वर्षीच्या माघात पडला तर शेतकरी सूर्याचे स्तोत्र गाणार नाही. वेळ हा परतफेडीचा बाह्य तपशील नसून तिचा गाभाच असतो.

आता दुसरी बाजू. ती मांडल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. इंधनावर कर असूच नये, असे आम्ही म्हणत नाही. इंधन जाळण्याची किंमत केवळ जाळणारा भरीत नाही. तारकर्लीहून पुढे देवबागला गेले की एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र यांच्यामधली जमिनीची चिंचोळी पट्टी दिसते. तेथल्या घरांना उधाणाची भीती म्हणजे काय ते विचारावे. मे २०२१ मधील तौक्ते वादळाने या किनाऱ्याची काय दशा केली ते आम्ही पाहिले आहे. तापणाऱ्या समुद्राची भाषा ज्यांच्या अंगणात येऊन पोहोचली आहे, त्यांच्या नावाने स्वस्त तेलाची मागणी करणे फारसे सरळ नाही.

शिवाय मच्छीमार हा एक अखंड वर्ग नाही. परतावा लिटरवर मिळतो. म्हणजे जो अधिक जाळतो त्याला अधिक. मलपीकडून येणारे हायस्पीड ट्रॉलर, जनित्र लावून रात्रभर समुद्र उजळणाऱ्या एलईडीच्या नौका, पर्ससीनवाले यांच्याविरुद्ध मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांचा लढा जुना आहे. राज्य शासनाला ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीनवर निर्बंध घालावे लागले, २०१७ मध्ये केंद्राला एलईडीच्या मासेमारीवर बंदी घालावी लागली. डिझेल सरसकट स्वस्त झाले तर त्याचा पहिला लाभ कोणाला? ज्याच्या इंजिनाची भूक मोठी त्याला. आणि वाळूवर उभे राहून हातांनी रापण ओढणाऱ्या माणसाला, ज्याच्या मासेमारीला इंधन जवळजवळ लागतच नाही, त्याला या सगळ्यात काय मिळते? सर्वांत कमी जाळणाऱ्याच्या वाट्याला सर्वांत कमी परतावा, आणि सर्वांत जास्त जाळणारा त्याच्यासमोरचा मासा घेऊन जातो. तेव्हा 'कर कमी करा' एवढीच घोषणा तारकर्लीच्या किनाऱ्यावरसुद्धा पुरेशी नाही.

'सगळे जीएसटीत आणा' ही दुसरी आवडती घोषणा. १ जुलै २०१७ रोजी ही करप्रणाली आली तेव्हा पेट्रोल-डिझेल तिच्याबाहेर ठेवण्यात आले. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौला झालेल्या परिषदेच्या बैठकीत विषय निघाला आणि ती वेळ आलेली नाही म्हणून बाजूला पडला. पण हा बदल झाला असे धरून चालू. ताज्या मासळीवर जीएसटी नाही; आणि विक्रीवर कर नसला तर खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. म्हणजे दर उतरला तरी डिझेलवरचा कर मच्छीमाराच्याच अंगावर राहील, आणि परताव्याची फाईल फक्त टेबल बदलेल.

येथवर आम्ही शासनाविषयी बोललो. आता थोडे स्वतःविषयी. २०१२ च्या एप्रिलमध्ये गोव्याने पेट्रोलवरचा मूल्यवर्धित कर जवळपास शून्यावर आणला आणि तेथे पेट्रोल लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरले. त्या दिवसांत सावंतवाडी-बांद्याकडे काम निघाले की पत्रादेवी ओलांडून टाकी भरून येणाऱ्यांत आम्हीही होतो. ज्याच्याकडे वाहन आहे, सीमा जवळ आहे आणि सवड आहे, त्याला करातून वाट काढता येते. होडी पत्रादेवीला नेता येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. आमच्या पगारातून आयकर जास्त कापला गेला तर विवरणपत्र भरल्यावर तो परत येतो. त्यालाही परतावाच म्हणतात. उशीर झाला तर कायद्याने त्यावर दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते. एका वर्षी आमच्यापैकी एकाच्या खात्यात असे व्याजाचे काही रुपये जमा झाले होते, आणि आम्ही स्टाफरूममध्ये त्यावर विनोद केला होता. काकांना भेटल्यावर तो विनोद आठवून संकोच वाटला. शब्द एकच, राज्यव्यवस्था एकच. पण पगारदाराचे थांबणे व्याजास पात्र आणि मच्छीमाराचे थांबणे अनुग्रहाच्या प्रतीक्षेत. ज्याच्या वेळेला मोल आहे आणि ज्याच्या वेळेला नाही, अशी ही नागरिकांची विभागणी कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही, तरी ती रोज अमलात येते.

'आधी भरा, मग परत घ्या' या पद्धतीत आणखी एक धोका आहे आणि तो आपण सर्वांनी स्वयंपाकघरात अनुभवला आहे. जानेवारी २०१५ पासून देशभर गॅस सिलिंडरची पूर्ण किंमत भरायची आणि अनुदान बँकेत जमा व्हायचे, अशी व्यवस्था आली. काही दिवसांत पैसे जमा होत. म्हणजे मनात आणले तर शासनाला वेळेवर परत करता येते हे सिद्ध झाले. पण मे २०२० पासून बहुसंख्य ग्राहकांच्या खात्यांत ती रक्कम येणेच थांबले. सिलिंडरचा दर एका रात्रीत दुप्पट झाला असता तर रस्ते भरले असते. परत येणारी रक्कम आटत शून्यावर आली तेव्हा बहुतेकांच्या लक्षातही आले नाही. घेणे दिसते, न देणे दिसत नाही. परतावा या शब्दाच्या पोटात ही शक्यता नेहमीच दबा धरून बसलेली असते.

तारकर्लीच्या त्या भेटीत संध्याकाळी रापण लागली. विद्यार्थी वह्या पिशवीत टाकून दोर ओढायला धावले. दोन्ही बाजूंनी माणसे मागे सरत होती, जाळे हळूहळू जवळ येत होते. फार मासळी नव्हती. तारली, थोडे बांगडे, दोन-चार इसवण. ती वाळूवर ओतली गेली आणि सर्वांच्या देखत तिचे वाटे पडले. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. कोणाला किती आणि का, हे तेथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसत होते. वाटा कमी वाटला तर तेथेच बोलता येत होते आणि एक-दोघे बोललेही. या पद्धतीत भांडणे नसतात असे नाही. पण 'तुझा वाटा मंजूर आहे, निधी आला की कळवू' असे कोणी कोणाला म्हणत नाही.

आम्हांला वाटते, इंधनकराच्या चर्चेला हवा असलेला शब्द हा आहे. कर म्हणजे समाजाने एकत्र ओढलेल्या जाळ्यातला वाटा. तो सर्वांच्या देखत पडावा, त्याच दिवशी पडावा, आणि जाळे किनाऱ्याला लागण्यापूर्वीच त्यातले निवडक मासे उपकराच्या टोपलीत बाजूला काढले जाऊ नयेत. या दृष्टीने पाहिले तर मागण्या अगदी साध्या होतात. लहान नौकांच्या मंजूर कोट्यापुरता कर संस्थेच्या पंपावरच घेऊ नये. कोटा शासनानेच ठरवलेला असतो, नोंदी शासनाकडेच असतात. मग गैरवापराची तपासणी पैसे घेण्यापूर्वी का करू नये? जेथे परत करण्यावाचून मार्ग नाही तेथे मुदत ठरवावी आणि मुदत उलटली तर आयकराप्रमाणेच व्याज द्यावे. सवलत इंजिनाच्या भुकेवर न ठेवता लहान आणि पारंपरिक मासेमारीकडे वळवावी. आणि उपकराला काळाची मर्यादा असावी. ज्या कारणासाठी तो बसवला ते कारण संपल्यावर त्याने उठावे, नाहीतर त्याने सरळ कर हे नाव धारण करून राज्यांच्या वाटपात यावे. या मागण्यांनी पेट्रोल एका पैशानेही स्वस्त होणार नाही. पण कोण देतो आणि कोण थांबतो, हे तरी उघड्यावर येईल.

या किनाऱ्याने मराठीला मोठे लेखक दिले. समुद्र, माड, पावसाळा, भुताखेतांच्या गजाली यांनी आपले वाङ्मय समृद्ध झाले, आणि आपण ते आवडीने शिकवतो. त्या समुद्रावर जायला डिझेल लागते, ते उधारीवर मिळत नाही आणि त्याचे बिल कुठल्यातरी फाईलमध्ये थांबलेले असते, हा अनुभव मात्र अभ्यासक्रमात क्वचितच येतो. आमच्या विद्यार्थ्यांतील निम्म्याअधिक मुलांच्या घरी असे एखादे बिल असेल. ती मुले वर्गात समुद्राच्या प्रतिमांवर टिपणे लिहितात. त्यांच्या घरातल्या शब्दाला आम्ही बोलीबाह्य ठरवून खोडायला निघालो होतो, ही आमची चूक होती.

शब्दसंग्रह पूर्ण झाला आहे. 'प' या अक्षराखाली 'पाग'च्या आधी आता 'परतावा' आहे. अर्थाच्या रकान्यात त्या विद्यार्थिनीने कोशातला अर्थ लिहिला नाही. काकांचे वाक्यच लिहिले. आम्ही त्याखाली पेन्सिलीने फक्त 'योग्य' एवढेच लिहिले.